समाप्तीचं पान

आमच्या सरांचं ठाम मत होतं की चांदा जिल्ह्यात सागवान, मलेरिया आणि वाघ सोडून चौथी वस्तू तयार होत नाही. मी चांद्याचा. त्यांच्या समोरच वही उघडून बसलेला असायचो, म्हणजे चौथी वस्तू त्यांच्या डोळ्यांपुढे होती. पण सरांची नजर छापील मजकुरावर तयार झालेली, माणसं त्यांना जरा पुसटच दिसायची. ते मूळचे पुण्याचे. नोकरीसाठी नागपुरात आले होते आणि आपण इथं येऊन किती सोसतो आहोत याची आठवण ते नागपूरला रोज करून देत.

ही राज्य पुनर्रचनेच्या थोडी आधीची गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता, गडचिरोली चांद्यातच मोजली जायची, आणि मी नागपुरात ग्रंथसूची नावाचा विषय शिकत होतो. घरी वडिलांनी विचारलं, हे काय असतं? मी म्हटलं, छापील पुस्तकांचा इतिहास. "म्हणजे पुस्तकं वाचाची?" मी म्हटलं, "नाही, मोजायची." त्यानंतर बरेच दिवस त्यांनी माझ्या लग्नाचा विषय कुणापुढे काढला नाही.

मोजायची हे खरंच होतं. सरांच्या शास्त्रात पुस्तक वाचणं हा जवळजवळ गुन्हा होता. पुस्तक हातात घ्यायचं, पट्टीनं लांबी-रुंदी मोजायची, पानावर ओळी किती ते बघायचं, कागद कसा, शाई कशी, कुठं छापलं, कधी छापलं, कुणी छापलं, आणि शेवटी प्रतीची स्थिती: चांगली, मध्यम, जीर्ण किंवा डागाळलेली. एवढं कार्डावर उतरवलं की पुस्तक मिटायचं. एका मुलानं एकदा विचारलं होतं, सर, आत काय लिहिलंय? सरांनी त्याच्याकडे बघत शिपायाला खिडकी उघडायला सांगितली.

वादाला तोंड फुटलं ते एका पोथीवरून. आमच्या भागात नदीच्या देवीची एक ओवीबद्ध पोथी श्रावणात वाचत असत. पोंभुर्ण्याला माझी आत्या राहायची, तिच्याकडे मी लहानपणी ती ऐकली होती. लांबट सुटी पानं, वर-खाली लाकडाच्या फळ्या, आणि लाल फडक्यात बांधलेली. ही शिळाछाप पोथी, म्हणजे आधी कुणीतरी बोरूनं वळणदार अक्षरात लिहायची, ते लिखाण दगडावर उतरवायचं आणि दगडावरून कागदावर छापायचं. आमच्याकडचे म्हातारे सांगायचे, ही आपल्या चांद्याच्याच दगडावरची आहे. मी ते तसंच वर्गात बोलून गेलो. गेल्या शतकात चांद्यात शिळाछापखाना होता म्हणालो.

सर चष्मा पुसत म्हणाले, "झाडीत छापखाना? कुणासाठी हो? अस्वलांसाठी?"

सगळा वर्ग हसला. त्यात अकोल्याचे हसले, वर्ध्याचे हसले, एक भंडाऱ्याचाही हसला, त्याच्या घरामागे तर आमच्यापेक्षा जास्त अस्वलं होती. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी उभा राहून वाद घातला. देवी आमची, नदी आमची, पोथीत आलेली गावं आमची, पुण्या-मुंबईचा कुठला शहाणा आमच्या डोहाचं माहात्म्य दगडावर लिहीत बसला असता? सर शांतपणे म्हणाले, "तर्क चांगला आहे. पण आपल्या कार्डावर तर्काला रकाना नसतो. समाप्तीचं पान आणा."

त्या काळच्या पोथ्यांमध्ये छापखान्याचं नाव, गाव आणि शक हे सगळं अगदी शेवटी, कथा संपल्यावर खाली लिहिलेलं असायचं. पुस्तकाचा जन्मदाखला शेवटच्या पानावर. ते एक पान आणलं तर हाच माझा प्रबंधाचा विषय, असं सरांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. नाही आणलं तर ते देतील तो विषय. त्यांच्याकडे एक विषय तयारच होता: जुन्या पंचांगांच्या पाठीवरच्या जाहिराती. केस वाढवण्याच्या तेलांवर आयुष्य घालवायला माझी हरकत नव्हती, पण ज्या तोंडानं मी चांद्याचं नाव घेतलं होतं ते तोंड मला वर्गात परत न्यायचं होतं.

दिवाळीच्या सुटीत मी पट्टी, कार्डं आणि पेन्सिली घेऊन जिल्ह्यात उतरलो. पेन्सिलीच. शाई न्यायची नाही, पोथीवर सांडते, असा सरांचा नियम होता. पोथीवर काय काय सांडतं हे सरांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

पहिली प्रत चांद्यातच मिळाली, आमच्या गल्लीत. मी शेवटचं पान उलटलं तर पान नव्हतंच, लाल पत्रा होता. पारायण संपलं की आमच्याकडे शेवटच्या पानाची पूजा करतात. कथा संपली म्हणजे देवी त्या पानावर येऊन बसते, म्हणून तिथं हळद, कुंकू, गंध, अक्षता, वर फूल. वर्षातून एकदा. साठ-सत्तर वर्षांचे श्रावण त्या पानावर साचले होते. अक्षतांचे दाणे चिकटून कागदाचा भाग झाले होते. मी विचारलं, खाली काय लिहिलं होतं आठवतं का? घरमालक हात जोडून म्हणाले, "खाली देवी हाये, आनखी काय राह्यन?" कार्डावर लिहिलं, डागाळलेली.

मग चिमूरकडे दोन घरं, मूलकडे एक, गडचिरोलीला एक. सगळीकडे तेच. जितकी भक्ती दांडगी तितका इतिहास साफ. सबंध पोथीत ज्या सहा ओळींवाचून माझं अडलं होतं नेमक्या त्याच सहा ओळींवर सगळ्या जिल्ह्यानं एकजुटीनं कुंकू ओतलं होतं. बाकीची पानं कोरी करकरीत, त्यांना कुणी कुंकवाचं बोट लावलं नव्हतं. मला वाटायला लागलं, सरांनीच आजोबांच्या काळापासून कट करून ठेवला असावा.

अहेरीच्या एका मास्तरांचा निरोप आला की त्यांची प्रत अगदी स्वच्छ आहे, याच. मी गेलो. गोंडपिपरीपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी, आष्टीला डोंग्यात बसून वैनगंगा ओलांडली, पलीकडे लाकडाच्या ट्रकवर ड्रायव्हरच्या शेजारी बसून आलापल्ली, तिथून पायी. अंग सगळं खिळखिळं झालं. मास्तर मोठ्या अगत्याचे. चहा दिला, पोहे दिले, नागपूरची खबरबात विचारली, आणि पोथी माझ्यापुढे ठेवली. शेवटचं पान खरोखरच स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की त्यावर अक्षरही नव्हतं.

"तुमी विद्यापीठाचे लोक येनार म्हनून म्या कालच रिठ्याच्या पान्यानं धुतलं," मास्तर म्हणाले. "लई कुंकू होतं हो. शरम वाटे."

पानावर उजेड धरला तर फिकट फिकट काहीतरी दिसत होतं, ओल्या भिंतीवर दिसतं तसं. एक 'श' दिसला. तो शकाचा असेल, नाहीतर मास्तरांच्या शरमेचा. मास्तर इतक्या आशेनं माझ्याकडे बघत होते की मला त्यांना शिव्याही देता येईनात. मी म्हटलं, फार छान ठेवलीय पोथी. त्यांनी मला पोचवायला बाजाराच्या टोकापर्यंत येऊन आणखी एक चहा पाजला.

हात हलवत मी पोंभुर्ण्याला आत्याकडे आलो. तिच्या पोथीचंही शेवटचं पान लालच निघालं. आत्या म्हणजे आमच्या घराण्याचं तिखट. माझं सगळं रडगाणं तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकलं.

"तुले कुंकू नसलेली पोथी पायजे?" ती म्हणाली. "मंग मले काऊन नाई विचारलं? जिल्हाभर बोंबलत फिरून राह्यला. समाप्ती झाल्यावर कुंकू लागते ना? जिची समाप्तीच नाई झाली, तिले कुठून लागन?"

मी ताडकन उठलो. आत्या म्हणाली, "बस खाली. इतकं सोपं नाई ते."

तलावाच्या पाळीनं जाता जाता तिनं मला सगळं सांगितलं. तलावापलीकडे ढिवरांची वस्ती होती, मासेमारी आणि शिंगाड्यावर जगणारी. तिथल्या एका घरात ही पोथी होती. घरधनी शाळेत चार इयत्ता शिकलेला, सगळ्या वस्तीत वाचता येणारा तोच, त्यामुळे श्रावणात वस्तीसाठी पोथी तोच वाचायचा. लढाईच्या काळात एका श्रावणात पारायण आलं शेवटच्या अध्यायावर, आणि त्याच दिवशी ठेकेदाराची लॉरी आली. आसामकडे सडकेच्या कामावर माणसं नेत होते. लॉरी काही पोथीसाठी थांबत नाही. तो बायकोला म्हणाला, शेवटचा अध्याय तसाच बांधून ठेव, आलो की समाप्ती करू. त्याच्यासोबत गेलेले दोघं परत आले. त्यांनी सांगितलं, तिकडे पावसात तापाची साथ आली, छावण्या बदलल्या, तो कुठं गेला ठाऊक नाही. बारा वर्षं झाली तेव्हा भावकीनं म्हटलं, पळसाच्या पानांचा माणूस करून जाळून टाकू, क्रिया उरकू. तिनं साफ नाही म्हटलं. का, तर पोथी बाकी आहे. पोथी बाकी आहे तोवर माणूस वाटेवर आहे.

"अन् तू चालला तिचं तेच पान उघडाले," आत्या म्हणाली. "मोठा विद्यापीठाचा."

मी म्हटलं, मी फक्त बघणार आहे. आत्या पदर खोचून झपझप पुढं चालायला लागली.

बाई अंगणात उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती. पस्तिशीची असेल. कपाळावर ठसठशीत कुंकू, आमच्या भागात रुपयाएवढं म्हणतात तसं. आत्यानं माझं येण्याचं कारण सांगितलं तशी तिनं हात धुतले, आत जाऊन पोथी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. फळ्यांच्या आत पोथीचे दोन भाग होते. एक मोठा. दुसरा शेवटच्या थोड्या पानांचा, वेगळा, जाळं विणायच्या सुतानं उभा-आडवा बांधलेला. त्या सुताला कोळीगाठ होती. तशी गाठ मला आयुष्यात सोडता आली नसती.

"हे पाहा तुमी," ती मोठ्या भागावर हात ठेवून म्हणाली. "ते नाई."

मी शहाण्यासारखी मान डोलावली. मनात म्हटलं, आज मोठा भाग, उद्या गोडीगुलाबीनं छोटा. मी पट्टी काढली, कार्ड काढलं, ओळी मोजायला लागलो. ओळी मोजताना माझे ओठ हलतात, ही माझी जुनी खोड. मोजता मोजता एखाद-दोन ओव्या तोंडातून बाहेर पडल्या असतील. बाईचा शिंगाडा सोलायचा सुरा थांबला.

"वाचता येते तुमाले?"

मी नागपूरच्या महाविद्यालयात शिकतो, हे तिला आत्यानं आत्ताच सांगितलं होतं. तरी मी म्हटलं, हो, येतं.

"मंग मोजता काऊन? वाचा ना."

सरांचं सगळं शास्त्र त्या अंगणात उभं करून बघितलं, ते काही उभं राहीना. तिला वाचता येत नव्हतं. पोथी बांधून ठेवल्यापासून त्या घरात कुणी ती वाचली नव्हती. मी पहिला अध्याय वाचला. दुपारी तलावावरून परतलेल्या चार बाया पदरानं तोंड पुसत येऊन बसल्या. दुसरा वाचला. संध्याकाळी उठताना बाईनं फडकं बांधत विचारलं, "उद्या येता का?" मी मनातल्या मनात हिशेब केला की हीच गोडीगुलाबी, आणि हो म्हटलं.

मग रोजच जायला लागलो. ग्रंथसूचीचा विद्यार्थी ढिवरवस्तीत पुराणिक होऊन बसला. सरांनी बघितलं असतं तर त्यांनी तलावाची खिडकी उघडायला सांगितली असती. आणि खरं सांगायचं तर पोथी चांगली होती. मी तिच्या पानांची लांबी-रुंदी तोंडपाठ सांगू शकत होतो, ती चांगली आहे हे मला माहीत नव्हतं. देवी मोठी फटकळ होती. तिचे भाऊ तिला न्यायला येतात तर ती त्यांना पुरात अडकवून ठेवते आणि आधी जेवायला घालते. वस्तीतल्या बाया तिथं दरवेळी हसायच्या.

पण माझ्या वाचण्यावर बाईचं समाधान नव्हतं. ती सारखी टोकायची. "इथी ते थांबत. मंग पानी पेत." मी थांबलो, पाणी प्यालो. "हे इतकं जोरात नाई वाचत ते." मी आवाज खाली आणला. चौथ्या का पाचव्या अध्यायात एका जागी मी सरळ पुढे गेलो तर ती म्हणाली, "इथी खोकत."

मी म्हटलं, "बाई, खोकला त्यांना होता. मला नाही."

तिनं सुरा खाली ठेवला. माझं डोकं फिरलं होतं, मी तावातावानं पुढची ओवी वाचली आणि मग माझ्यानं पुढं जाववेना. मागे आलो, ती ओवी पुन्हा धरली आणि त्या जागी खोकलो. तिनं मान डोलावली आणि शिंगाडा सोलायला घेतला. पुढं दर अध्यायात कुठं थांबायचं, कुठं घसा साफ करायचा हे मी न सांगता करायला लागलो. एका माणसाची अख्खी वाचायची तऱ्हा त्या बाईनं बारा-तेरा वर्षं जशीच्या तशी जपली होती, आणि मी आलो होतो तिथं कागद मोजायला.

मोठा भाग संपत आला तशी माझी झोप उडाली. आधी वाटायचं, कधी एकदा ते सूत सुटतं. आता वाटायला लागलं, मध्ये एखादा अध्याय जास्तीचा निघाला तर बरं. शेवटून दुसरा अध्याय मी इतका रेंगाळत वाचला की आत्या म्हणाली, "झोपला का काय?" तो संपला. मी पानं नीट लावली, फडकं ओढलं. मनात ठरवून आलो होतो ते बोललो.

"बाई, इथवर पुरे. मला ते पान नको. माझं काही अडत नाही त्याच्यावाचून."

अडत होतं. सुटी संपली होती, सर वाट बघत होते आणि केसांची तेलं वाट बघत होती. पण मी ते अगदी मनापासून बोललो होतो, आणि माझाच मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

बाई म्हणाली, "तुमच्यासाठी कोन करून राह्यलं, भाऊ?"

माझं पाणी जागच्या जागी आटलं.

तिनं तलावाकडे तोंड केलं. मग आत्याला म्हणाली, मला नाही, आत्याला: "मले वाटे, त्याइच्या आवाजात संपन. पन बाई, मले आता त्याइचा आवाज नाई आठवत. थांबत कुठी ते आठवते, खोकत कुठी ते आठवते. आवाज गेला. या भाऊच्या आवाजात ऐकून राह्यलो अन् मले वाटून राह्यलं हाच होता." एवढं बोलून ती उठली. "उद्या करू समाप्ती. सोमवार हाये."

आत्या रडली. मी आत्याला रडताना कधी बघितलं नव्हतं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. घरी आलो, तिनं चूल पेटवली. चुलीपुढे बसल्यावर म्हणाली, "नीट वाचजो." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती अंगणात होती. सारवण ओलं होतं. भावकीतले पुरुष एका बाजूला टोप्या घालून बसले होते, त्यांना जे हवं होतं ते होणार होतं, तरी कुणी मान वर करत नव्हतं. बाईनं नवं लुगडं नेसलं होतं. कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं होतं. तिनं ती कोळीगाठ बोटांनी अशी सोडवली की सूत कुठं तुटलं नाही, आणि पानं माझ्यासमोर ठेवली.

मी वाचलं. आयुष्यात इतकं नीट मी काही वाचलेलं नाही. ते थांबत तसा थांबलो असेन. हा अध्याय तिनं तो जाण्याआधी दर श्रावणात ऐकला असणार. काही टोकलं मात्र नाही. देवी भावांसोबत माहेरी जायला निघते, नदीच्या मधोमध वळून बघते, आणि ऐकायला आलेल्यांना म्हणते, उशीर झाला, तुम्हीही आपापल्या घरी जा. संपली पोथी. इति, समाप्त.

आणि खाली सहा ओळी. काळ्याभोर, कालच लिहिल्यासारख्या. छापखाना, छापणाऱ्याचं नाव, दगडावर अक्षर लिहिणाऱ्याचं नाव, शक, महिना, तिथी. आणि मुक्काम चांदा. स्पष्ट. कानामात्रेसकट. सगळ्या जगात ते पान त्या घडीला माझ्याच डोळ्यांपुढे होतं, सरांचं तोंड बंद करायला तेवढं बस होतं, आणि मला ना हसू येत होतं ना काही.

बाई ताट घेऊन पुढे झाली. हळद वाहिली ती पानाच्या कडेला, मजकूर सोडून. कुंकवाची चिमूट घेतली आणि हात तसाच धरून थांबली.

"तुमाले लिहाचं हाये ना," ती म्हणाली. "लिहा आधी. मंग मी लावतो."

पोथीला लावल्यावर बोटावर कुंकू उरतं, बाया तेच बोट आपल्या कपाळाला लावतात, आमच्याकडची रीतच आहे. उद्यापासून हिला कुंकवाच्या करंड्याला हात लावायचा नव्हता. अंगणातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. आणि ती चिमूट हवेत धरून, एका विद्यार्थ्याच्या कार्डासाठी थांबली होती.

मी कार्ड काढलं. सहा ओळी उतरवायला कितीसा वेळ लागतो? उतरल्या. मग मी त्या पडताळून बघितल्या. मग पट्टी काढली आणि पानाची लांबी मोजली. रुंदी मोजली. समास मोजला, वरचा, खालचा. ओळींमधलं अंतर मोजलं. असलं अंतर कुणी मोजत नाही, सरसुद्धा नाही. पेन्सिलीला टोक होतं, तरी पुन्हा टोक केलं. भावकीतला एक म्हातारा खाकरला. मी वर बघितलं नाही. पट्टी परत पानावर ठेवली आणि लांबी मोजायला घेतली.

"भाऊ," बाई म्हणाली. आवाज अगदी हळू, लेकराला उठवावं तसा. "ते मोजलं तुमी मघाशी."

मी पट्टी उचलली.

तिनं चिमूट पानावर सोडली, नमस्कार केला, आणि बोटाला राहिलेलं कुंकू लुगड्याच्या पदराला पुसलं.